काई माय

सारिकानं खेळघराच्या दारावर खडूनं लिहिलं, ‘सोमवारपासून आपले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर. इथे चालत होते ते सगळे खेळ चालतील.’ दुसऱ्या ‘सगळे’खाली तिनं दोन ठसठशीत रेघा ओढल्या आणि मागे सरून पाहिलं. अक्षर सरळ आलं होतं.

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीतून निवृत्ती मान लांब करून वाचत होता. वरवट बकाल गावचा हा गडी. घरी शेती, पण बोटं रमायची ती मोबाइलच्या पोटात.

“सारिका, ‘बहुतेक’ लिही. बहुतेक सगये.”

“काऊन?”

“उद्या एखांदा बंद पडला, तं पोट्टे तुह्या शब्दाले धरतीन.”

“धरू दे. धरायलेच लिहिला.”

“लिनक्सवर गेम चालत नाई बाप्पा. लहानपनापासून आयकून राह्यलो.”

“लहानपणी तू हेही ऐकलं असशील की मोबाइल उघडला की मेला. आता रोज मेलेले उठवतोस ना?”

निवृत्तीनं हातातला स्क्रू काढायचा पेचकस कानामागे खोचला. हरला की तो असंच करायचा, आणि मग दुसऱ्या वाटेनं यायचा. “पुन्याहून काय आनलं म्हनाव या पोट्टीनं? दुसरं काई नाई. ळ आनला.” आणि तो ‘ळ’ त्यानं टाळूला जीभ चिकटवून असा काही ओढला, की समोरचा चहावालाही हसला.

सारिकाही हसली. खोटं नव्हतं ते. नोकरीला पुण्यात लागली त्या पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर आपलं नाव सांगितलं होतं, “सारिका इंगये.” कुणी विचारलं, “इंगये? मराठीच ना तुम्ही?” विचारणारा वाईट नव्हता. पण घरी, गल्लीत, विहारात जे आडनाव आजवर फुलासारखं हलकं होतं, ते त्या दिवशी तिच्या तोंडात खड्यासारखं लागलं. मग ती शिकली. खोलीत एकटी असताना म्हणायची, इंगळे, डोळे, शाळा, सकाळ, केळी. जिभेला वळण लागलं आणि कानालाही लागलं. पुढे समोरचा ‘डोया’ म्हणाला, तरी तिला ऐकू यायचा तो डोळाच. मधल्या मध्ये कुणीतरी अक्षर बदलून द्यावं तसं.

नोकरी सोडून ती मलकापूरला परतली तेव्हा बोली सगळी परत आली. मले आलं, तुले आलं, काऊन आलं. ळ मात्र गेला नाही.

खेळघर होतं स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, सरकीच्या एका जुन्या गोदामाच्या पुढच्या खोलीत. कापसाच्या दिवसांत दारावरून लादलेल्या गाड्या गेल्या की पडद्यांच्या काचांवर तंतू येऊन बसायचे. मालगाडी गेली की टेबलं थरथरायची आणि खेळातल्या मोटारी खऱ्याच रस्त्यावरून चालल्यासारख्या हलायच्या. पोरं म्हणायची, असा अनुभव मुंबईलाही भेटत नाही. कॉम्प्युटर जुनेच होते, पुण्यातल्या एका बंद झालेल्या ऑफिसातले. नवी विंडोज त्यांच्यावर बसत नव्हती आणि जुनीची देखभाल कंपनीनं थांबवली होती. लोकांनी सारिकाला सांगितलं, भंगारात दे. तिनं एकेक मशीन उघडलं, धूळ उडवली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला, आणि ठरवलं, ही अजून धावतील. फक्त यांच्यावरचा कारभारी बदलायचा, विंडोजच्या जागी लिनक्स.

“पन गेम तं विंडोजचे हायेत ना?” निवृत्तीनं तेव्हा विचारलं होतं.

“हावो. खेळ विंडोजच्या भाषेत बोलते. लिनक्सले ते भाषा येत नाही. मंग मधात एक दुभाषी बसवायचा.”

“मानूस?”

“प्रोग्राम रे. खेळ म्हणते, ‘मले पडद्यावर एक झाड काढून दे.’ दुभाषी ऐकते आणि लिनक्सले त्याच्या बोलीत सांगते, ‘झाड काढ.’ लिनक्स झाड काढते. खेळाले वाटते आपण आपल्याच घरी आहोत.”

“आन् हा दुभाषी फुकट?”

“जगभरातल्या लोकांनी मिळून बनवला. वर्षानुवर्षं. कुणी इथलं एक वाक्य शिकवलं, कुणी तिथलं. पुढे खेळ विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनंही त्याच्यावर माणसं लावली. आता तो पट्टीचा झाला.”

“त्याच्या हाती लागत नाई असा एकबी गेम नाई?”

“आहेत काही. ऑनलाइन लढाईचे. त्यांच्या दारात कंपनीनं पहारेकरी बसवले, ते लिनक्सले आत घेत नाहीत. पण ते खेळ आपल्या मशिनींवर आधीही चालत नव्हते. म्हणूनच लिहिलं, ‘इथे चालत होते ते.’”

ती खडूनं लिहायची, पण वकिलासारखं लिहायची.

खरं सांगायचं तर तिनं हा शब्द पोरांसाठी दिलाच नव्हता. पोरांचं काय, एक खेळ बंद पडला तर दुसरा लावतील. शब्द दिला होता बेबीकाकूला, आणि तो एका माणसासाठी होता.

जानराव तायडे. सारिकाचे वडील त्यांच्या ट्रकवर दुसरे ड्रायव्हर होते, म्हणून ते काका, आणि त्यांची बायको बेबीकाकू. मलकापुरातून कापसाच्या गाठी उचलायच्या, गुजरातेत उतरवायच्या, येताना मिळेल तो माल भरायचा, असं आयुष्य गेलं त्यांचं. ट्रक स्वतःचा होता, कोळशासारखा काळा. मागच्या फळीवर पेंटरनं पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘काळी माय’, आणि खाली दोन बोंडं काढली होती. ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की जानराव हॉर्न असा वाजवायचे, की सारिका जेवणाच्या ताटावरून उठून धावायची. आपल्या काळ्या जमिनीवर जीव असलेल्या माणसाला ट्रकचं दुसरं नाव सुचलं नसतं.

मग लकवा आला. डावी बाजू गेली. ट्रक दुसऱ्याच्या दारात गेला. माणूस बरा झाला, चालायला लागला, पण डावा हात मांडीवर पडून राहिला, परक्याचा असल्यासारखा. डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिला होता. जानरावांनी तो खिडकीतून बाहेर टाकला.

“मी का लहान लेकरू हाओ, चेंडू खेयाले?”

बोलणं कमी झालं. भिंतीकडे तोंड करून बसणं वाढलं. बेबीकाकू त्यांच्यासमोर बसून भाजी निवडायची आणि रिकाम्या खोलीत बोलल्यासारखी एकटीच बोलायची.

सारिकानं त्यांना एकदा खेळघरात आणलं ते केवळ हवापालट म्हणून. कोपऱ्यात तिनं ट्रक चालवायचा खेळ लावून ठेवला होता. टेबलाला स्टिअरिंग, खाली पायाशी ब्रेक-क्लच, डाव्या हाताला गेअरची दांडी, सगळं जुनं पण जिवंत. जानराव बसले. उजवा हात स्टिअरिंगवर गेला. क्लच दाबला. आणि जो हात कप धरायला विसरला होता, तो हात मांडीवरून उठला, हवेत थरथरला, चाचपडला आणि दांडीवर जाऊन बसला. गेअरचा हात होता तो. त्याला चेंडू ठाऊक नव्हता. त्याला घाट ठाऊक होता.

बेबीकाकूनं तोंडाला पदर लावला.

त्या दिवसापासून रोज दुपारी ऑटोतून दोघं यायची. खेळातला मुलूख कुठला तरी परदेशातला होता, पण जानरावांनी त्याला आपली नावं दिली. वळणावळणाचा डोंगर म्हणजे राजूर घाट. मोठ्या पुतळ्याचं गाव म्हणजे नांदुरा. जिथं नेहमी चुकीच्या बाजूनं वाहनं येतात तो चौक म्हणजे आपला मलकापूरचाच. हळूहळू कप धरता आला, शर्टाचं बटण लागलं, आणि एक दिवस काकूशी भांडताना डावा हातही उगारला गेला. बेबीकाकू ती गोष्ट येईल त्याला सांगायची. “माह्यावर हात उगारला बाई, डावा!” सांगताना तिचा आनंद डोळ्यांत मावायचा नाही.

आता सगळे कॉम्प्युटर बदलायचे म्हटल्यावर ती सारिकाला एका बाजूला घेऊन म्हणाली होती, “बाई, माह्यं काई म्हननं नाई. नवं कर. पन याह्यची गाडी राहू दे. ते गेली तं हा मानूस पुन्हा भिंतीकडे तोंड करीन. मले मंग तो हालनार नाई.”

“काकू, गाडी जशीच्या तशी मिळेल. कालच्या जागी थांबली असेल, तिथूनच निघेल.”

“पक्कं?”

“पक्कं.”

शुक्रवारी दुकान बंद ठेवून सारिकानं काम सुरू केलं. एकेक खेळ तिनं दुभाष्याच्या हवाली केला. मोटारींच्या शर्यती धावल्या. कुस्ती लागली. तलवारी चालल्या, राक्षस पडले, ट्रकचं इंजिनही गुरगुरलं. दोन खेळ तर आधीपेक्षा चपळ निघाले. तिनं निवृत्तीला हाक मारून दाखवलं. तो पाहत राहिला आणि म्हणाला, “मशीन तेच हाय ना? का रातीतून बदललं?”

क्रिकेट तेवढं अडलं. त्या खेळाची खास लिनक्ससाठीची आवृत्ती होती, दुभाष्याची गरजच नव्हती. तो सुरू झाला खरा, पण मैदानावर गवत नाही. पोरांनी मोठ्या हौसेनं गावचं मैदान बनवून त्यात बसवलं होतं, ते दिसेना. खेळाडू निळ्या पोकळीत तरंगत फलंदाजी करत होते. सारिकाला कारण सापडलं. फोल्डरचं नाव पोरांनी मोठ्या एमनं लिहिलं होतं आणि खेळ लहान एमचं मागत होता. विंडोजला दोन्ही सारखेच. लिनक्सला नाही. इथं लहान एम हा एक माणूस आणि मोठा एम हा दुसरा. तिनं अक्षर बदललं आणि गवत उगवलं.

“लयच मानकरी दिसते तुहं लिनक्स,” निवृत्ती म्हणाला. “नावाले जपते.”

“जपायलेच पाहिजे. नाव म्हणजे नाव.”

आणि मग तिच्यातली पुण्याची तपासनीस जागी झाली. एका ठिकाणी गडबड सापडली तर सगळीकडेच पाहून घ्यावं. सगळ्या खेळाडूंचे जपून ठेवलेले खेळ तिनं नव्या डिस्कवर आणले आणि त्यांच्या नावांवर झाडू फिरवला. मोठी अक्षरं लहान केली. मधल्या मोकळ्या जागा काढल्या. कुणी ‘किंग’ला दोन जी लावले होते, एक काढला. कुणी ‘वाघ’ असा लिहिला होता की तो वाग वाचला जाई, त्याला एच दिला. हात चालत होता, कान गाणं ऐकत होता. अंगण सारवल्यासारखी स्वच्छ नावं दिसू लागली तेव्हा ती समाधानानं उठली.

सोमवारी दार उघडलं तसे पोट्टे आत घुसले. दारावरचं वाचूनच आले होते, चूक काढायला. खुर्च्या भरल्या, माउस टकटकू लागले. थोड्या वेळानं आरडाओरडा सुरू झाला, आणि तो नेहमीचाच होता. एकानं तर मान वर करून विचारलं, “ताई, लिनक्स कधी टाकनार?”

“तू ज्यावर बसला ते लिनक्सच आहे.”

“हट!”

दारातून निवृत्ती हे ऐकत होता. सारिकानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं पेचकस कानामागे खोचला.

तेवढ्यात ऑटो थांबला. जानरावांनी आज पांढरा शर्ट घातला होता, लांबच्या फेरीवर निघताना घालायचे तसा. सगळ्यांना जय भीम घालत ते कोपऱ्यात गेले, खुर्ची आपल्या मापानं सरकवली, स्टिअरिंग पुसलं. बेबीकाकू बाजूच्या स्टुलावर बसली. सारिकानं खेळ सुरू केला. इंजिनाचा आवाज आला. डोंगर दिसला. आणि पडद्याच्या मधोमध पाटी आली, ‘स्वागत, नवे ड्रायव्हर. तुमचं नाव लिहा.’

सारिकानं वाचून दाखवलं. जानरावांनी स्टिअरिंगवरचा हात काढला.

“कोन नवा ड्रायव्हर? मी?”

“थांबा काका, काहीतरी—”

“माही गाडी कोठं हाय?”

“इथंच आहे. मी आणली सगळी.”

“गुरुवारी मी ते घाटाच्या वर उभी केली होती. ब्रेक गरम झाले म्हून. माल भरेल होता तिच्यात.”

“नाव काय ठेवलं होतं काका तुम्ही? सुरुवातीले लिहिलं होतं ना?”

“मीच लिवलं होतं, एका बोटानं. दुसरं कोनतं राहीन? काई माय.”

‘काळी माय’, सारिकाच्या कानानं ऐकलं. तिनं नव्या डिस्कवर पाहिलं. होती की! लहान इंग्रजी अक्षरांत, स्वच्छ, ‘काळीमाय’. आत सगळं होतं, आजवर तुडवलेले सारे रस्ते, भरलेला माल, गरम झालेले ब्रेक. पण खेळ तिला ओळखच देत नव्हता. मोठी अक्षरं परत केली. नाही. मधली जागा परत दिली. नाही. पोरांनी आपापले खेळ केव्हाच उघडले होते, त्यांची अक्षरं लहान केलेली असूनही. दुभाषी अक्षराच्या उंचीवर अडणारा नव्हता. मग इथंच काय झालं? दुभाष्यानं लिहिलेली टिपणं तिनं उघडली. हे मागितलं, मिळालं. ते मागितलं, मिळालं. इंग्रजी ओळींचा लोंढा. त्यात एका ठिकाणी तिला काहीतरी विचित्र दिसलं, वाय-आय असली अक्षरं आणि पुढे ‘मे’. यंत्राचंच काही असेल म्हणून डोळा पुढे सरकला. तिनं स्टिअरिंगची तार तपासली. डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत होती.

“नवीन काढून देऊ का काका, तोवर? तसाच काळा ट्रक. तेच नाव—”

“नको.”

जानराव रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा डावा हात दांडीवरून खाली आला आणि मांडीवर पडला. बोटं आपोआप मिटली.

“एक गेली, दुसरी गेली. बास झालं. चाल वं,” ते काकूला म्हणाले.

दारावरचे ‘सगळे’, त्याखालच्या दोन रेघा, खुर्च्यांवरचा तो सगळा जल्लोष, सगळं त्या मिटलेल्या बोटांसमोर फिकं झालं. पण सारिकाचे हात थांबले नाहीत. “काका, मी शब्द दिला. गाडी माह्याजवळ आहे, फक्त दार सापडत नाही. थोडं बसा.”

जानराव उठू लागले. बेबीकाकूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं. बाई नवऱ्याला ओळखून होती. हा माणूस आता दारातून बाहेर पडला तर पुन्हा आत येणार नाही.

“अवो, गाडी बंद पडली म्हून ड्रायव्हर उतरून गेला असं कधी झालं काय?” ती म्हणाली. “घाटात दोन दोन दिवस बसत होते तुमी गाडीपाशी. मी घरी ओव्या म्हनत वाट पाहू. सारिके, तुले आठवते का वं ते? तू लहान होती तं माह्या मांडीवर बसून म्हने.”

“आठवते ना.”

“म्हन बरं मंग. याह्यले आयकू दे. तोवर तुहे हात चालू दे.”

पोट्टे माना वळवून पाहू लागले. निवृत्ती उंबऱ्यावर टेकला. सारिकाचे डोळे पडद्यावर होते, पण गाणं जिभेवर आलं, लहानपणाच्या चालीवर.

“माह्या धन्याची गाडी, गाडी रंगानं काळी,
मलकापूरच्या वाटं, तिले घराची घाई…”

ओवी अडखळली. जिथं सूर खाली बसायचा तिथं बसलाच नाही. तिनं पुन्हा म्हटलं, काळी, घाई. पुन्हा अडलं. चाक खड्ड्यात जावं तसं.

एक पोट्टा फिसकन हसला.

“अवो बाई!” बेबीकाकूनं कपाळावर हात मारला. “असं कसं म्हन्ते? काई म्हन, काई! काई आन् घाई. तुह्या त्या ळनं माह्या ओवीचं चाक काढून घेतलं की वं.” आणि तिनं स्वतःच म्हटलं, डोळे मिटून, गाडीची वाट पाहणाऱ्या जुन्या आवाजात.

“माह्या धन्याची गाडी, गाडी रंगानं काई,
मलकापूरच्या वाटं, तिले घराची घाई.”

सूर अलगद बसला. गाडी घरी आली.

सारिकाची बोटं मात्र तिथंच थांबली. काई. तिनं टिपणं पुन्हा वर ओढली. ती ओळ. ते यंत्राचं काही नव्हतं. के, ए, वाय, आय. पुढचं ‘मे’ इंग्रजी नव्हतं, माय होती ती. दुभाषी मघापासून स्वच्छ शब्दांत सांगत होता, ‘काई माय मागितली, सापडली नाही.’ पुन्हा मागितली, पुन्हा सापडली नाही. पोरांचे खेळ जपलेल्या नावांची यादी दाखवायचे आणि पोरं त्यातलं आपलं उचलायची; हा खेळ मात्र शेवटचं नाव आठवणीत ठेवून त्यालाच हाक मारायचा. त्या आठवणीत जानरावांनी एका बोटानं लिहिलेलं नाव होतं, आपल्या तोंडचं, जसंच्या तसं. आणि शुक्रवारी, अंगण सारवल्याच्या झपाट्यात, कुणीतरी त्यातला वाय काढून तिथं एल बसवला होता.

कुणीतरी म्हणजे तीच.

“काका,” ती म्हणाली, “गाडीले काही झालं नाही. मी तुमचं बोलणं दुरुस्त केलं होतं.”

“आं?”

“तुम्ही लिहिलं होतं काई माय. मले वाटलं चुकलं. मी काळी माय करून ठेवलं. खेळ हाक मारते काई माय म्हणून, आणि मी तिच्या गळ्यात दुसऱ्याच नावाची पाटी अडकवली. कशी येईल ती?”

निवृत्ती उंबऱ्यावरून ओरडला, “म्या म्हनलं नव्हतं, पुन्याहून ळ आनला म्हून!”

सारिकानं एल पुसला. वाय लिहिला. त्या एका अक्षरावर बोट ठेवताना तिला आपली गल्ली दिसली, विहाराची पायरी दिसली, आणि ताटावरून उठून धावणारी एक पोरगी. ती पोरगी धावताना ओरडायची, “काई माय आली! काई माय आली!” पिवळी अक्षरं वाचता येण्याच्या कितीतरी आधी.

खेळ पुन्हा सुरू झाला.

पाटी आली नाही. कुणी नाव विचारलं नाही. पडदा क्षणभर अंधारला आणि मग घाट दिसला, वरचं वळण, रस्त्याच्या कडेला उभा असलेला काळाभोर ट्रक, मागं गच्च भरलेला माल. चाकांखाली लावलेले दगडसुद्धा होते म्हणे, असं निवृत्तीनं नंतर लोकांना सांगितलं. नव्हते, पण कुणी त्याला अडवलं नाही.

जानराव पुढे वाकले. “हेच,” ते म्हणाले. “हेच ते वयन. इथंच उभी केली होती.”

“ब्रेक थंडे झाले का पाहा आता,” बेबीकाकू म्हणाली.

जानरावांनी क्लच दाबला. मांडीवर पडलेला हात उठला. या खेपेला तो चाचपडला नाही. सरळ दांडीवर गेला, मुठीत धरली, आणि पहिला गेअर पडल्याचा खट आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला, कारण पोट्ट्यांनी आपापले माउस सोडले होते. मग त्यांनी हॉर्न दिला. गल्लीच्या तोंडाशी द्यायचे तसा, एक लांब, दोन आखूड. पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या आणि आपापल्या शर्यतींकडे वळले.

निवृत्ती आत आला. बाजूच्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसला. “मलेबी लावून दे एखांदा. पाहू दे, काय चालते तुह्या लिनक्सवर.”

खेळानं नाव विचारलं. सारिकानं कीबोर्डवर बोटं ठेवली. “काय लिहू?”

“निवरुती.”

ती थांबली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “पुन्हा म्हण.”

“निवरुती. काऊन, नाव नाई आयकलं का माह्यं?”

“ऐकून राह्यली,” ती म्हणाली, आणि त्यानं म्हटलं तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता लिहिलं.

“आन् तुहं?” पडद्यावरून नजर न काढता जानरावांनी विचारलं. “माह्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर लागते. तुह्या बापाची जागा रिकामी हाय. लिव तिथं तुहं नाव.”

सारिकानं कोपऱ्यातल्या कीबोर्डवर वाकून लिहिलं. लिहिताना ते तिनं मोठ्यानं म्हटलं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “सारिका इंगये.”

खडा नव्हता तो. फूलच होतं.

काळा ट्रक वळणावरून निघाला. पुढं राजूर घाटाचा उतार होता, खाली कुठंतरी नांदुरा, आणि त्याच्याही पुढं तो चौक. बाहेरून मालगाडी गेली, टेबलं थरथरली, आणि खोलीतले सगळे रस्ते एकाच वेळी खरे झाले. जानरावांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. बेबीकाकूनं त्यांच्या दांडीवरच्या हाताकडे पाहिलं, मग स्टूल थोडं जवळ ओढलं, ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसावं तसं.

“हयू हयू चालवा,” ती म्हणाली. “आज घराची घाई नाई.”